ग्रो बॅगमधील झुकिनी : सहा महिन्यांत कापड टिकले, शिवण उसवली

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारचे ऊन चुकवावे म्हणून झुकिनीची ग्रो बॅग (माती भरून रोप लावायची कापडी पिशवी) भिंतीकडे ओढत असताना तिचा बंद तुटून हातात आला आणि तळाची शिवण वीतभर उसवून ओली माती गॅलरीभर पसरली. ऑक्टोबरात घेतलेल्या सहा बॅगांपैकी ही तिसरी. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तर बदलून देण्याची मुदत सात दिवसांचीच होती, असे उत्तर आले. जी वस्तू महिनोन्‌महिने उन्हात ठेवण्यासाठीच विकली जाते, तिची पारख सात दिवसांत कशी व्हावी?

शेत असताना गॅलरीत भाजी कशाला, असे गावात अनेकजण विचारतात. शेतात रोही आणि रानडुकरे भाजीपाला टिकू देत नाहीत आणि अंगणात शेळ्या शिरतात, म्हणून वरचा मजला. झुकिनी कोहळ्याच्या कुळातली असली तरी झुडपासारखी वाढते, तिला मांडव लागत नाही.

खरे तर माझा पहिला राग वेगळाच होता. नोव्हेंबरच्या आरंभी बी टोकले आणि डिसेंबरात बोटाएवढी फळे टोकाकडून पिवळी पडून सडू लागली. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात बॅगेला भोके कमी, असे समजून मी तापवलेल्या खिळ्याने आणखी भोके पाडली, तरी फरक पडला नाही. रंगाच्या रिकाम्या बादलीतल्या रोपाचीही तीच गत झाली, तेव्हा लक्षात आले की गॅलरीत मधमाशी फिरकतच नाही. मग रोज सकाळी नऊच्या आत नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या सोलून, मधला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवू लागले. मादी फूल ओळखणे सोपे आहे, कारण त्याच्या देठाशी इवलेसे फळ असते. आठवडाभरात ते फळ वीतभर झाले. तेव्हा भोकांबद्दलची तक्रार मी मागे घेते. फेब्रुवारीत भुरी (पानांवर पांढरी भुकटी धरणारा बुरशीरोग) आली, ती खालची पाने काढल्यावर आटोक्यात राहिली.

शिवणीची तक्रार मात्र कायम आहे. बॅगेचे कापड आजही चिवट आहे, पण शिवणीचा दोरा चिमटीत धरून ओढला की त्याचा भुगा होतो. कापड उन्हात टिकणारे घेतले आणि दोऱ्यात काटकसर केली, हे मला पटत नाही. फुकटची वीस लिटरची बादली आहे तशीच आहे, फक्त मार्चच्या उन्हात ती तापते आणि त्यातले रोप बॅगेतल्या रोपाआधी माना टाकते.

फाटलेल्या तिन्ही बॅगा मी पोती शिवण्याच्या दाभणाने, नायलॉनचा दुहेरी दोरा घालून शिवून घेतल्या आहेत. उरलेल्या तिन्हींची शिवण उसवण्याआधीच पक्की करणार आहे. नव्याने घेणाऱ्यांनी बॅग घरी येताच, माती भरण्यापूर्वी, हेच करावे.