दलदली भोवत्यासाठी कुठे जावं: सिरपूर की यशवंत सागर?

थंडी पडली की इंदूरमध्ये नवा कॅमेरा घेतलेला प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. दोन्ही जलाशय 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत आणि दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी दोन्हीकडे हिवाळी पाहुणा म्हणून उतरतो. तरी दोन्हीकडची सकाळ अगदी वेगळी जाते.

आधी पक्षी ओळखू या, कारण निम्मे लोक घारीचेच फोटो घेऊन परततात. घारीच्या शेपटीला खाच असते, भोवत्याची शेपटी लांब आणि टोकाला गोलसर. पंख न हलवता तरंगताना तो ते किंचित वर उचलून धरतो, इंग्रजी ‘व्ही’सारखे, आणि उडतो पाणकणसांच्या अगदी माथ्यावरून. मादी गडद चॉकलेटी. डोकं, गळा आणि पंखांची पुढची कड मलईसारखी पिवळट. प्रौढ नराच्या पंखांत करडा, तपकिरी आणि टोकाला काळा असे तीन रंग. लहान वयाचे पक्षी बरेचसे मादीसारखेच, म्हणून प्रत्येक तपकिरी भोवत्याला मादी म्हणण्याची घाई करू नका.

सिरपूर धार रोडला, घरापासून पोह्यांच्या वेळेत जाऊन येण्याजोगं. होळकरांच्या काळातला हा तलाव छोटा आहे आणि तोच त्याचा मोठा गुण. भोवत्या शिकार शोधताना काठाकाठाने गस्त घालतो आणि बऱ्याचदा त्याच वाटेने परत येतो. छोट्या तलावावर ही वाट डोळ्यांत बसते. सूर्य पाठीशी आणि समोर पाणकणसांची कड येईल अशी जागा धरून बसलात, तर पक्षी स्वतःच जवळ येतो. त्याच्या मागे धावलात तर फक्त पाठ दिसते.

तो येतोय हे बहुतेक वेळा पाण्यावरचे पक्षीच आधी सांगतात. विखुरलेले चांदवे, म्हणजे काळे पाणपक्षी, एकाएकी एकमेकांकडे पोहू लागतात, काळा घट्ट गठ्ठा होतो, बदकांच्या माना ताठ होतात. भोवत्या वर आला की गठ्ठ्यातून पाणी उडतं. तो क्षणभर जागीच पंख मारत थांबतो, पाय खाली सोडतो, आणि गठ्ठा फुटला नाही तर पुढे निघून जातो. त्याला कळपातून मागे पडलेला, आजारी किंवा जखमी पक्षी हवा असतो. ही झटापट मला उडत्या पक्ष्याच्या कुठल्याही सुबक फोटोपेक्षा मोलाची वाटते.

सिरपूरची अडचण म्हणजे माणसं आणि मागचं शहर. फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढली की पक्षी आतल्या बाजूला सरकतात, आणि फ्रेममध्ये इमारत नाही तर तार येते. उजाडताच पोचायला हवं.

यशवंत सागर हातोदच्या बाजूला, गंभीर नदीवरचा मोठा जलाशय. तिथे आकाश मोकळं, पार्श्वभूमी स्वच्छ, शिवाय सारसाची जोडी दिसण्याची आशा. भोवत्या पाण्यापुरता न राहता लगतच्या गहू-हरभऱ्याच्या शेतांवरूनही फिरतो. पण अंतर फार. 600 मिमीच्या लेन्समध्येही पक्षी चिमुकला राहतो, आणि ऊन चढलं की जमिनीवरची तापलेली हवा फोटो मऊ करून टाकते. लेन्स कितीही महाग असो, त्याला इलाज नाही. इथे गाडीत बसून राहणं सर्वांत चांगलं. पायी माणूस दिसला की पक्षी वाट वळवतो, गाडी त्याला तितकी खुपत नाही. शेताच्या बांधावर जायचं तर मालकाला विचारूनच.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: शटर 1/2000 किंवा त्याहून वेगवान, फोकस सतत पाठलाग करणारा. पांढुरक्या आकाशापुढे गडद मादी काळा ठिपका होते, तिथे एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. हिरव्या-तपकिरी पाणकणसांपुढे ती वाढ काढून टाका, नाहीतर डोक्याचा पिवळट रंग जळतो.

माझं मत विचाराल तर पहिला हिवाळा पूर्ण सिरपूरला द्या, विशेषतः लेन्स 400 मिमीच्या आतली असेल तर. पक्ष्याची चाल कळली, लेन्स लांब झाली, की यशवंत सागर. हातात एकच रविवार असेल तरीही सिरपूर. फक्त दुर्बीण घेऊन निवांत पाहायला निघाला असाल आणि सोबत घरची मंडळी असतील, तर मात्र थेट यशवंत सागर गाठा. तिथे भोवत्या नाही दिसला तरी दिवस वाया जात नाही.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. भोवत्या रात्री जमिनीवर, गवतात किंवा पाणकणसांत उतरून झोपतो. संध्याकाळी तो जिथे उतरताना दिसेल तिथे जाऊ नका, आणि ती जागा ग्रुपवर टाकू नका.