१४ एप्रिलचं मंजुरीपत्र आणि माझे ७६,९५० रुपये

लिहू की नको यात दीड महिना गेला. बायको म्हणते, गावात हसू झालं ते पुरलं नाही काय, आता साऱ्या महाराष्ट्राला सांगता? पण परवा साडूच्या ओळखीतल्या एकाचा फोन आला. बांबूच्या अनुदानाच्या नावानं मला लुबाडणारा आला होता, तशीच पांढरी गाडी त्याच्याही अंगणात येऊन गेली. म्हणून लिहितो.

आधी आकडा, कारण विचारणारा प्रत्येक जण आधी तोच विचारतो. नोंदणी २,१००. बांबूची १,१०० रोपं, ५५ रुपयांनी ६०,५००. स्टॅम्प आणि नोटरी ७००. फाईल चार्ज ४,८००. आणि शेवटी अनुदान 'सोडवायला' म्हणून ८,८५०. झाले ७६,९५०. वावर चंद्रपूर जिल्ह्यात, सात एकर. त्यातले अडीच एकर यात गुंतले ते वेगळंच.

तो काय घेऊन आला? बांबू लागवडीचं अनुदान, टिश्यू कल्चर म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं, कंपनीची खरेदीहमी. असे लोक कसे येतात, कसे बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. मी काही अडाणी नाही. बारावी झालोय, पाच वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होतो, ठिबकचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर मी स्वतः भरला होता, २३ रुपये ६० पैसे देऊन. अर्जाला एवढेच लागतात हे माहीत असून नोंदणीचे २,१०० मोजले. ओटीपी कुणाला द्यायचा नाही हेही पाठ आहे. त्या गाडीवाल्यानं तो मागितलाच नाही.

त्याने सांगितलं त्यातलं निम्म्याहून जास्त खरं होतं, हीच तर गोम. वडिलांनी धुऱ्यावर लावलेले अकरा साग तोडताना आमचं काय झालं ते गाव जाणतं. १९६४ चा झाडतोडीचा कायदा, परवानगीचा अर्ज, सातबारा, हद्दीची मोजणी, मग लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का, मग वाहतुकीचा परवाना. लाकूड पावसानं काळं पडलं तरी कागद फिरतच होते. हा गडी माझ्याच ओट्यावर बसून म्हणाला, "भाऊ, बांबूले यातलं काहीच लागत नाही. २०१७ मध्ये कायदा बदलला." बदललाच आहे. वनाबाहेर लावलेला बांबू वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून काढला. मी मोबाईलवर पाहिलं, बरोबर निघालं. मग गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला ते सांगितलं. तेही खरं. दोन गोष्टी खऱ्या निघाल्यावर तिसरी कोण तपासतो? त्यात त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ आणि मी विकलं ४,०५० नं. पऱ्हाटीत वेचणीची मजुरी निघेना. रात्रभर रोही आणि डुकरांची राखण. अशा वेळी कुणी धड बोललं तरी माणूस खुर्ची देतो.

तिसरी गोष्ट पैशाची. रोपामागे १२० रुपये, हा आकडाही तेव्हा राष्ट्रीय बांबू मिशनचाच होता. पण ते तीन वर्षांत मिळायचे, ६०, ३६ आणि २४ असे, रोपं जगली की नाही ते पाहून. हा म्हणाला, एकरकमी १,३२,००० खात्यात. झाडांचं अनुदान एकरकमी देतो म्हणणाऱ्याला चहा न देता उठवा.

आता ते पत्र. अजून कान गरम होतात.

२२ एप्रिलला मंजुरीपत्र घेऊन आला. वर तीन सिंह, जावक क्रमांक, गोल शिक्का, हिरव्या शाईची सही. दिनांक १४/०४/२०२५. बाबासाहेबांची जयंती! सोमवार होता. मी सकाळी पंचशील ध्वजाला उभा होतो, संध्याकाळी चौकात मिरवणुकीत सरबत वाटत होतो. तालुक्याचं एकही कार्यालय उघडं नव्हतं. आणि माझी नजर तारखेवर गेली नाही असं नाही. गेली, थांबली, डोक्यात आलंही. आठवीतली पोरगी मागून पत्र पाहत होती. म्हणाली, "बाबा, चौदा तारखेले तर सुट्टी होती ना?" मी म्हटलं, तू अभ्यास कर. मनात म्हटलं, काम तुंबलं असेल, साहेब घरी बसून सह्या करत असतील. सरकारी माणूस सुट्टीच्या दिवशी कामाला बसला, यावर मी विश्वास ठेवला! उभ्या जन्मात जे पाहिलं नाही, ते कागदावर पाहून खरं मानलं. त्याच दुपारी साठ हजार पाचशे मोजले. नगदी. पावती कच्ची, बिलावर जीएसटी क्रमांक नाही.

एक गोष्ट बायकोलाही उशिरा सांगितली. रोपाचा भाव ६० होता. "अजून दोघं जोडा, तुमाले ५५ नं देतो," म्हणाला. मी जोडले. शेजारच्या वावरवाल्याचे ३८,००० गेले, दुसऱ्याचे ४४,३००. माझे ५,५०० वाचले. मला कमिशन म्हणून छदाम मिळाला नाही, पण हे आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? मला हा माणूस साडूनं आणून दिला होता. त्याला काय मिळालं ते मी विचारलं नाही. त्याचेही गेलेच आहेत.

रोपं पावसानंतर आली. बालकोआ, म्हणजे बिनकाट्याची जात, म्हणून. सप्टेंबरात ८,८५० यूपीआयनं पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नव्हे, कुण्या बाईचं नाव आलं. तरी बटण दाबलं. ऑक्टोबरात फोन बंद. दिवाळीनंतर रोपांच्या पेऱ्यांवर काटे दिसू लागले. गावात बुरडकाम करणारे एक आजोबा धुऱ्यावरूनच म्हणाले, "बापू, हे तं कटांग हाय. जंगलात फुकट भेटते." चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे, आमच्याच जिल्ह्यात. एक रोप पिशवीत घालून तिथे दाखवायला नेलं असतं तर बसभाड्यात भागलं असतं.

मग कार्यालयं. पहिल्या ठिकाणी म्हणाले, बांबू आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठिकाणी, तुमची फाईलच नाही. अहो, फाईल नाही म्हणूनच तर आलो! तिसऱ्या टेबलावरचा बाबू पत्र पाहून हसला आणि बाजूच्याला दाखवलं, "हे पाय, जयंतीच्या दिवशीची सही." रोजगार हमीतून काहून नाही लावलं, म्हणून वर मलाच विचारलं. तुमच्या नावाचा शिक्का कुणीतरी गावोगाव मारत फिरतोय, त्याचा राग मला येतो, तुम्हाला कसा येत नाही? गावात एक कागद चिकटवता आला नसता? दवंडी देता आली नसती? वडिलांच्या सागाच्या एका ओंडक्यावर हातोडा नव्हता तेव्हा दोन तासांत गाडी घेऊन आले होते.

ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा, "तुमी खुशीनं देल्ले ना?" तिसऱ्यांदा, हा दिवाणी मामला आहे. कोर्टाबाहेर अर्ज लिहिणाऱ्या एका माणसानं सांगितलं, जुनं ४२० आता न्याय संहितेत ३१८ झालं आहे, फसवणूक दिवाणी नसते. ठाण्यात घेत नसतील तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे. त्यानं ५० रुपये घेतले. या साऱ्या प्रकरणात कामाचे गेलेले तेवढेच. यूपीआयनं गेलेल्या पैशासाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा असतो, तोही लगेच, पैसे पुढे सरकायच्या आत. मला कळलं तोवर तीन महिने उलटले होते.

शेजाऱ्यानं कटांग उपटून टाकलं. दुसरा म्हणतो, राहू दे, डुकरांना कुंपण होईल. टपरीवर मी गेलो की तो चहा अर्धा टाकून उठतो.

तुमच्याकडे १४ एप्रिलचं असं पत्र असेल तर फाडू नका. ठाण्यात फक्त झेरॉक्स द्या आणि पोच घ्या. माझी मूळ प्रत त्यांनी ठेवून घेतली, आणि आता म्हणतात, कोणतं पत्र?