सीटच्या पाठीचं घासलेलं प्लास्टिक: स्प्रे रंग आणि रॅप, दोन्हींची पारख

गाडीच्या पुढच्या सीटच्या पाठीला मागे बसणाऱ्यांच्या बुटांचा, गुडघ्यांचा आणि बॅगांच्या चेनचा मार सतत बसत असतो. काळं प्लास्टिक विटतं आणि खालच्या भागात पांढरट ओरखड्यांचं जाळं होतं. त्यावर दोन उपाय आहेत: व्हायनल-प्लास्टिकचा स्प्रे रंग किंवा चिकटवायची व्हायनल रॅप. आमचा कौल असा, की दाणेदार पॅनेलला रंग द्यावा आणि रॅप फक्त गुळगुळीत पॅनेललाच लावावी. पण रंग टिकतो तो त्याच्याखालच्या अधेजन प्रमोटरमुळे, म्हणजे रंगाने प्लास्टिकला धरून राहावं म्हणून आधी मारायच्या स्प्रेमुळे, आणि नेमका तोच डबा घ्यायचं लोक टाळतात.

पॅनेल काढून उलटं केलं की आत प्लास्टिकचं नाव कोरलेलं दिसतं. 'पीपी' असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्याच्यावर साधा रंग धरतच नाही, नख लावलं की पापुद्रा निघतो. 'एबीएस' हे दुसरं प्लास्टिक असेल तर काम बरंच सोपं. प्लास्टिक ओळखायला तुकडा पाण्यात टाकून बघायची युक्ती इथे फसते. पीपी तरंगतं हे खरं, पण 'पीपी-टी२०' म्हणजे २० टक्के टाल्क (एका खनिजाची भुकटी) घातलेलं पीपी, आणि ते पाण्यात बुडतं. तेव्हा कोरलेल्या अक्षरांवरच भरवसा ठेवावा.

पॅनेल काढल्याशिवाय काम नीट होत नाही. बहुतेक गाड्यांत ते स्क्रू आणि क्लिपांवर बसवलेलं असतं. प्लास्टिकची पट्टी घालून हळूहळू उचकावं. थंडीत क्लिपा पटकन तुटतात, म्हणून चार-सहा जादा आणून ठेवाव्यात. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबूनच हात घालावा.

पुढची सगळी मदार धुण्यावर. डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशमधलं सिलिकॉन दाण्यांत मुरून बसलेलं असतं. ते राहिलं की ओला रंग तेवढ्या जागी मागे सरतो आणि बारीक गोल खड्डे पडतात. त्यावर आणखी रंग मारून ते भरत नाहीत. भांडी घासायचा साबण आणि मऊ ब्रशने धुवावं, वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसावं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं स्वच्छ फडकं फिरवावं.  

घासण्यासाठी राखाडी स्कॉच-ब्राइट (घासणीसारखं जाळीदार पॅड) पुरे, कारण ते दाण्यांच्या खाचांत शिरतं. पॉलिश पेपरने जोर लावला तर पीपीला लव उठते आणि दाणाही जातो. ओरखड्याची उठलेली कड ब्लेडने हलकेच कापावी, त्यापुढे जाऊ नये. रंगाने ओरखड्याचा पांढरेपणा जातो, खोली जात नाही. आजूबाजूचं घासून सपाट केलेला डाग तर मूळ ओरखड्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. गाडीच्या बॉडीची साधी पुट्टी भरायचा मोह टाळावा, पीपीवरून ती सुटून येते.

प्रमोटरचा एकच पातळ, पारदर्शक हात द्यावा. तो वाळल्यावर घासायचा नाही, आणि डब्यावर लिहिलेल्या मुदतीतच त्यावर रंग पडला पाहिजे. मग मॅट रंगाचे ३-४ विरळ हात, प्रत्येक हातामध्ये सुमारे १० मिनिटं. डबा २०-२५ सेंटिमीटरवर धरावा. जवळ धरला तर दाणा बुजतो आणि पॅनेल खेळण्यातलं वाटायला लागतं, लांब धरला तर कण हवेतच वाळतात आणि हाताला भुकटी लागते. पहिल्या हातात खालचं प्लास्टिक दिसलंच पाहिजे, तिथेच झाकायची घाई केली की ओघळ आलाच. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते, म्हणून कोरडा दिवस निवडावा. दोन सीटना ४०० मिलीचा एक डबा साधारण पुरतो. दुसऱ्या दिवशी पॅनेल बसवता येतं, पण रंग पुरता कडक व्हायला आठवडा लागतो, तोवर त्याला बूट लागू देऊ नयेत.

आता रॅप. तिचा गोंद दाण्यांच्या फक्त टोकांना चिकटतो, म्हणून दाणेदार पीपीवर ती उन्हात कडेपासून उठते. गुळगुळीत एबीएसवर मात्र छान बसते, शिवाय नको झाली की काढता येते. घ्यायची ती कास्ट, म्हणजे ओतून बनवलेली व्हायनल. स्वस्त कॅलेंडर्ड, म्हणजे रोलरमध्ये लाटून बनवलेली व्हायनल ताणली की आक्रसून मूळ आकाराकडे जाते आणि खोलगट भागात तंबूसारखी उभी राहते. कडेला १०-१२ मिलिमीटर मागे वळवावी, आणि ताणलेल्या जागा शेवटी हीट गनने कंपनीने सांगितलेल्या तापमानापर्यंत तापवाव्यात. घाईत हीच पायरी सुटते.

बूट लागतात त्या खालच्या पट्ट्यात दोन्ही हरतात. फरक एवढाच की रंग खरवडला तर तेवढा भाग धुऊन, प्रमोटर मारून पुन्हा रंगवता येतो आणि मॅटमध्ये जोड दिसत नाही. रॅप फाटली तर अख्खा तुकडाच बदलावा लागतो.