नानांचा पूर्वी स्टार: आमच्या सैनिक कल्याण कार्यालयात झालेलं काम

माझे वडील, नाना, १९६६ साली फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि १९८३ साली नाईक म्हणून पेन्शनवर आले. गावात त्यांना सगळे मेजरच म्हणतात. कृष्णाकाठच्या आमच्या पट्ट्यात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला नाना कोटावर चार मेडलं लावून शाळेत झेंडावंदनाला जातात. त्याच शाळेत मी शिकवते, त्यामुळे ती चार मेडलं मला तोंडपाठ आहेत: संग्राम, सैन्य सेवा, स्वातंत्र्याच्या २५व्या वर्षाचं आणि ९ वर्षांच्या सेवेचं.

२०२१च्या डिसेंबरात १९७१च्या युद्धाला ५० वर्षं झाली म्हणून तालुक्याला माजी सैनिकांचा सत्कार झाला. तिथे एका तरुण फौजीनं नानांच्या छातीकडे बघून सहज विचारलं, "मेजर, तुम्ही तर त्रिपुराकडून आत गेला होता ना? मग तुमचा पूर्वी स्टार कुठाय?" नाना काहीच बोलले नाहीत. घरी येऊन भाकरी पुढ्यात तशीच ठेवून उठले.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्या युद्धाच्या वेळी फौजेत असलेल्यांना संग्राम मेडल मिळालं. शिवाय पूर्वेच्या आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिमेच्या आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार. नानांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या नोंदवहीत, मेडलांच्या पानावर संग्राम आहे, स्टार नाही. म्हणजे कागद बघणाऱ्याला नाना युद्धभर मागच्या छावणीत बसून होते असंच वाटणार.

खरं तर ते फौजेचा शक्तिमान ट्रक हाकत होते. त्रिपुरातल्या धर्मनगरला रेल्वे संपायची. तिथून पुढे तेलियामुरा आणि आगरताळ्याकडे सगळा माल रस्त्यानं जायचा: दारूगोळा, रेशन, पेट्रोल. रात्री, दिवे झाकून. ५ डिसेंबरला सीमेपलीकडचं, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं आखौरा पडल्यावर नानांची गाडी ब्राह्मणबारियाच्या रस्त्याला लागली. मागे हटताना पाकिस्तानी फौजेनं आशुगंजचा मेघना नदीवरचा पूल उडवला होता, तिथे गाड्या अलीकडच्या काठावर अडल्या. जवान हेलिकॉप्टरनं पलीकडे उतरले आणि नाना काठावर गाडीखाली झोपले, हे मी हजार वेळा ऐकलं आहे. १६ तारखेला ढाक्याला शरणागती झाली तेव्हा नाना गाडीचा पट्टा बदलत होते.

आम्हा भावंडांना आधी वाटलं, मेडल विकत मिळतं. भावानं शहरातल्या एका दुकानातून ९०० रुपयांना स्टार आणला, रिबिनीसकट, डबीत घालून. दिसायला हुबेहूब. नानांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि कोऱ्या पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग आपलं जुनं संग्राम मेडल काढून त्याची कड भावाला दाखवली. तिथे बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव. "ह्यावर माझा नंबर कुठाय?" एवढंच म्हणाले आणि डबी भावाच्या हातात परत दिली. त्या दिवशी मला कळलं की हे काम कागदातूनच करायला पाहिजे.

पहिला अर्ज मी स्वतःच लिहून रजिस्टर पोस्टानं रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कार्यालयाला, पाठवला. कुठलं ते इथे लिहीत नाही. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: उपलब्ध नोंदींनुसार हे मेडल देय नाही. मधल्या काळात एक जण भेटला, पाच हजार द्या, ओळखीनं करून आणतो म्हणाला. असल्या माणसाला एक रुपया देऊ नका. राहून गेलेलं मेडल मागायला फी लागत नाही.

मग शेजारच्या गावच्या एका काकांनी सांगितलं, जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. आमच्याकडून एसटीनं दीड तास. कार्यालय पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिन्याचा कठडा हलतो. येणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे, कुणाच्या हातात काठी. हे बदललंच पाहिजे, मी तसं लेखी देऊनही आले आहे. फोन तीनदा केला तर एकदा उचलतात. झेरॉक्स रस्त्यापलीकडे.

पण आत जे कल्याण संघटक बसतात, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नानांना बघताच खुर्चीतून उठले, पाणी मागवलं. मी अर्ज पुढे केला तर म्हणाले, "ताई, अर्ज राहू द्या, आधी बुक बघू." डिस्चार्ज बुक त्यांनी पहिल्या पानापासून वाचलं. इतक्या वर्षांत ते कुणी असं वाचलेलं मी पाहिलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. वाचून झाल्यावर त्यांनी नानांना एकच प्रश्न विचारला:

"मेजर, नोव्हेंबर ७१ला जेवण कुठल्या लंगरात होतं?"

नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आमच्या नाही. दुसऱ्या कंपनीच्या. तेलियामुऱ्याला."

संघटकांनी टेबलावर हात ठेवला. "झालं. तुम्ही अटॅच होता."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, ते इथे सविस्तर देते, कारण अनेकांची मेडलं इथेच अडकली असणार. नानांचं मूळ युनिट युद्धभर उत्तरेतल्या छावणीत राहिलं. गाड्या कमी पडत होत्या म्हणून काही ड्रायव्हर तात्पुरते पूर्वेकडे दुसऱ्या युनिटला जोडले गेले. युद्ध संपल्यावर मेडलांच्या याद्या झाल्या त्या मूळ युनिटच्या, आणि मूळ युनिट तर पूर्वेला गेलंच नव्हतं. ज्या युनिटबरोबर नानांनी प्रत्यक्ष काम केलं, त्याच्या यादीत पाहुण्या ड्रायव्हरचं नाव कोण घालणार? फौजेत माणसाच्या बाबतीत जे घडतं ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून यावं लागतं, तरच ते त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रावर, चढतं. स्टारची पार्ट टू ऑर्डर कधी निघालीच नाही. रेकॉर्ड ऑफिसनं मेडलाचा रकाना बघितला, तो रिकामा होता, म्हणून देय नाही असं उत्तर आलं.

"तुम्ही मेडल मागितलंत," संघटक म्हणाले. "आता मेडल मागू नका. अटॅचमेंटच्या नोंदी मागा. कुठल्या तारखेला गेले, कुठल्या तारखेला परतले. ते सापडलं की मेडल आपोआप मागे येतं."

तारखा शोधायला हाताशी काही आहे का, असं त्यांनी विचारलं. घरी येऊन मी आईला विचारलं. आईच्या लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेत, जरीच्या लुगड्याखाली, नानांची पत्रं आहेत हे मला ५१ वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. निळी आंतर्देशीय पत्रं, घड्यांवर फाटत आलेली. मजकूर सगळ्यांत सारखाच: मी खुशाल आहे, म्हशीचं काय झालं, भावकीच्या बांधाचं काय झालं. कुठे आहे ते कुठल्याच पत्रात नाही, लिहायची परवानगीच नसायची. पण पत्ता बघा. ऑगस्टच्या पत्रावर ५६ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा नंबर. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या तीन पत्रांवर ९९ एपीओ. पुढच्या मार्चच्या पत्रावर पुन्हा ५६. पूर्वेकडच्या फौजेची टपाल ९९वर जाते. आईला आकड्यांचा अर्थ माहीत नव्हता, पण तिनं एक पत्र टाकलं नव्हतं.

संघटकांनी ती पत्रं बघितली आणि स्पष्ट सांगितलं, "हा पुरावा म्हणून चालणार नाही ताई. पण कुठल्या महिन्यांत शोधायचं ते ह्यातून कळतं." त्यांनी दुसरा अर्ज स्वतः बसून तयार करून घेतला: नंबर, हुद्दा, मूळ युनिट, जोडलेलं युनिट नानांना आठवलं तसं, आणि सप्टेंबर १९७१ ते मार्च १९७२ या काळातल्या पार्ट टू ऑर्डर तपासाव्यात अशी नेमकी विनंती. डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाची प्रत, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, ओळखपत्र, आणि पत्रांच्या प्रती फक्त संदर्भासाठी. अर्ज कार्यालयाच्या पत्रासोबत गेला. जावक क्रमांक त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहून दिला. त्यानंतर दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर कळलं की नोंद सापडली. अटॅचमेंटची ऑर्डर १९७२ सालच्या कागदांत निघाली होती.

पहिल्या अर्जापासून मेडल हातात येईपर्यंत १९ महिने लागले. नानांचं वय ७७. हा वेळ फार आहे, आणि माझ्या वडिलांच्या बरोबरीचे किती जण त्यात जात असतील हा विचार मला प्रत्येक महिन्यात आला. ह्यासाठी मी त्या एका माणसाला दोष देणार नाही. त्यांच्या टेबलावर पेन्शनचे, विधवांच्या कुटुंब पेन्शनचे, मुलांच्या शिष्यवृत्तीचे ढीग होते आणि नानांची फाईल त्यांनी त्या ढिगात बुडू दिली नाही.

नातेवाईक विचारतात, पेन्शन किती वाढली? एक पैसाही नाही. ह्या मेडलाला भत्ता नसतो.

जानेवारी २०२४च्या पहिल्या आठवड्यात पार्सल आलं. नानांनी चष्मा लावला, स्टार बाहेर काढला आणि आधी उलटाच केला. पाठीवर नंबर होता. तो नंबर त्यांनी मोठ्यानं वाचला, परेडला सांगतात तसा, एकेक आकडा तोडून. आई चुलीपाशी होती, तिनं तिथूनच विचारलं, "बरोबर हाय का?" नाना म्हणाले, "बरोबर हाय."

पट्टीबद्दल एक सूचना. पूर्वी स्टारचा क्रम संग्रामच्या आधी येतो, म्हणून नवा स्टार जुन्या पट्टीच्या शेवटी शिवून चालत नाही, सगळी पट्टी उसवून पुन्हा बांधावी लागते. एका दुकानदारानं आम्हाला स्टार शेवटी लावून दिला होता. नानांनी जागेवरच परत केला. पुण्यात कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं पाचही मेडलं नव्या रिबिनींवर बांधून दिली, ७५० रुपये घेतले, आणि क्रम विचारावाही लागला नाही.

२६ जानेवारीला नाना पाच मेडलं लावून शाळेत आले. तो तरुण फौजी सुट्टीवर होता, त्यानं कडक सलाम ठोकला.

नानांच्या बरोबर धर्मनगरच्या रस्त्यावर आणखी एक ड्रायव्हर होते, पलीकडच्या तालुक्यातले. ते गेले, त्यांची बायको आहे. त्यांच्या डिस्चार्ज बुकाची मधली पानं वाळवीनं खाल्ली आहेत, पण त्या काकूंकडेही पत्रं आहेत. सोमवारी आम्ही दोघी त्याच कार्यालयात जाणार आहोत. काकूंना जिना चढवत नाही, म्हणून संघटक खाली येऊन कागद बघतो म्हणाले आहेत.