ब्रेकपॉइंट: सॉफ्टवेअरचा लावावा की हार्डवेअरचा?

गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांचा हा प्रश्न. ब्रेकपॉइंट म्हणजे चालता प्रोग्राम ठरल्या जागी थांबवायची खूण; ती डीबगर, म्हणजे चुका शोधायचा प्रोग्राम, लावतो. निवड सोपी आहे, फक्त आपण नेमकं काय शोधतोय ते आधी ठरवायला हवं.

"या ओळीवर काय चाललंय?" एवढंच बघायचं असेल तर सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट पुरतो. एक्स८६ प्रोसेसरवर डीबगर त्या जागेवरच्या सूचनेचा पहिला बाइट काढून ठेवतो आणि तिथे हेक्समधला (सोळाच्या पटीतल्या आकड्यांतला) सीसी, म्हणजे 'थांब' ही सूचना, लिहितो. प्रोसेसर तिथे पोचला की ट्रॅप होतो, म्हणजे ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. लिनक्सवर सिगट्रॅप सिग्नल येऊन प्रोग्राम थांबतो. पुढे जाताना डीबगर मूळ बाइट परत ठेवतो, प्रोग्राम काउंटर (पुढची सूचना कुठली ते सांगणारा पत्ता) एक बाइट मागे घेतो, ती एकच सूचना चालवतो आणि सीसी पुन्हा बसवतो. असे ब्रेकपॉइंट हवे तितके लावा. 'अमुक झालं तरच थांब' अशी अट घातलीत तर मात्र जपून: सहसा प्रोग्राम प्रत्येक वेळी थांबतो आणि मग अट तपासली जाते, त्यामुळे मोठ्या लूपमध्ये वेग पार बसतो.

"ही किंमत बदलली कोणी?" असा प्रश्न असेल तर हार्डवेअरकडेच वळा, म्हणजे पाळत प्रोसेसरलाच ठेवू द्या. समजा, रायबंदर–चोडण फेरीबोटीवरच्या गाड्या मोजायचा सरावाचा प्रोग्राम आहे आणि १४ चा आकडा अचानक उणे १ होतो. आकडा बदलणारी प्रत्येक ओळ तपासली तरी काही सापडत नाही, कारण शेजारचा अ‍ॅरे हद्द ओलांडून त्या जागेवर लिहितोय. जीडीबी या डीबगरमध्ये त्या व्हेरिएबलवर वॉच (किंमत बदलते का यावर पाळत) लावला की लिहिणं झाल्याबरोबर प्रोग्राम थांबतो. जुनी किंमत, नवी किंमत आणि ओळ, तिन्ही समोर. मला डीबगरमधली सगळ्यात मोलाची सोय हीच वाटते.

पण इथे जागा मोजक्या. एक्स८६ मध्ये ८०३८६ पासून पाळतीच्या पत्त्यांसाठी ४ डीबग रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या जागा) आहेत, आणि ६४ बिटवर प्रत्येकाला फार तर ८ बाइट राखता येतात. त्यात मावलं नाही तर जीडीबी एकेक सूचना चालवून बघतो आणि प्रोग्राम शेकडो पटींनी मंदावतो. वॉच लावल्यावर आलेल्या संदेशात 'हार्डवेअर' शब्द आहे ना, ते वाचाच.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मायक्रोकंट्रोलरच्या (यंत्रात बसणाऱ्या छोट्या संगणक-चिपच्या) बोर्डावर काम करायचं असेल तर गणित वेगळं. कोड फ्लॅश मेमरीत असतो, तिथे बाइट सहज बदलत नाही, म्हणून साध्या ओळीसाठीही हार्डवेअरचीच जागा खर्च होते. कॉर्टेक्स-एम३ या प्रोसेसरवर अशा जागा सहसा ६ मिळतात. काम झालेला ब्रेकपॉइंट तिथे लगेच काढून टाका.