डॅक जुळवायचे आहेत: सबक्लास १ की सबक्लास २?

डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांपासून अ‍ॅनालॉग सिग्नल बनवणारी चिप. तिला एफपीजीएकडून (प्रोग्राम करता येणाऱ्या लॉजिक चिपकडून) वेगवान सिरियल लिंकवर डेटा देण्याचं स्टँडर्ड म्हणजे जेईएसडी२०४बी, आणि सबक्लास हे त्याचे प्रकार. एकच डॅक असेल आणि प्रत्येक चालू-बंदला लेटन्सी (डेटा पोहोचायला लागणारा वेळ) थोडी बदललेली चालत असेल, तर सबक्लास ० पुरतो. खरी निवड करावी लागते ती अनेक डॅक एका फेजमध्ये हवे असतात तेव्हा.

सबक्लास २ आटोपशीर वाटतो. वेगळा सिसरेफ (सगळ्या चिपना एकच वेळ दाखवणारा सिग्नल) नाही, लिंक जुळवण्याच्या सिंक या सिग्नलच्या एजवरच काम भागतं. पण इथे सिंक डॅककडून एफपीजीएकडे जाते. डॅक स्वतःच्या एलएमएफसीच्या (डेटाच्या मल्टिफ्रेम मोजणाऱ्या आतल्या क्लॉकच्या) हद्दीवर सिंक सोडतो, एफपीजीए ती एज केव्हा आली ते बघतो आणि आयलासमधल्या (लिंक सुरू होताना पाठवल्या जाणाऱ्या ठरावीक डेटामधल्या) पीएचएडीजे, एडीजेसीएनटी, एडीजेडीआयआर या फील्डमधून एलएमएफसी किती आणि कुठे सरकवायचा ते कळवतो. डॅक तो सरकवून सिंक पुन्हा खाली ओढतो आणि लिंक परत पहिल्यापासून उभी राहते. प्रत्येक डॅकचं हे वेगळं. त्यात प्रत्येक सिंक ट्रेसचा आणि एफपीजीएच्या पिनचा डिले हिशेबात धरावा लागतो. तो हिशेब एका क्लॉकनं चुकला तर फेज हुकतो, तरी लिंक मात्र ठणठणीत दिसते, एरर काउंटर शून्यावर. माझं मत सबक्लास १ कडे फिरलं ते या एका गोष्टीमुळे. कमी वेगाच्या, एक-दोन डॅकच्या बोर्डवर सबक्लास २ चालूनही जाईल.

सबक्लास १ मध्ये सिसरेफ आणि डिव्हाइस क्लॉक दोन्ही एलएमके०४८२८ किंवा एचएमसी७०४४ सारख्या एकाच चिपमधून निघतात. सेटअप-होल्ड (क्लॉकच्या एजआधी आणि नंतर सिग्नल स्थिर राहण्याचा वेळ) बसत नसेल तर डिले तिथेच बदलता येतो. उदाहरणार्थ, दोन कन्व्हर्टर, चार लेन (सिरियल डेटाच्या वाटा), १६ बिट, डेटा ४९१.५२ एमएसपीएस (सेकंदाला दशलक्ष सॅम्पल): लेनचा वेग ४.९१५२ जीबीपीएस, एफ (प्रत्येक लेनवर एका फ्रेममधले बाइट) १, के (एका मल्टिफ्रेममधल्या फ्रेम) ३२ आणि एलएमएफसी १५.३६ मेगाहर्ट्झ. सिसरेफ तेवढाच ठेवा किंवा त्याला पूर्णांकानं भागून ७.६८ किंवा ३.८४ घ्या.

त्रास इथेही आहे. सिसरेफ सतत चालू ठेवला तर आउटपुटमध्ये स्पर (नको असलेल्या फ्रिक्वेन्सी) दिसू शकतात, म्हणून अलाइनमेंट झाली की तो बंद करावा. मोजक्याच पल्स पाठवणार असाल तर लाइनमध्ये कॅपॅसिटर नको, डीसी कपलिंगच हवं. क्रमही पाळावा: आधी क्लॉक स्थिर, मग सर्डेसचा (सिरियल लेन हाताळणाऱ्या सर्किटचा) पीएलएल लॉक, मग सिसरेफनं एलएमएफसी अलाइन, आणि शेवटी लिंक.

बफर रिलीज (सगळ्या लेनचा साठवलेला डेटा एकदम पुढे सोडण्याची वेळ) मात्र डीफॉल्टवर सोडू नका. सर्वांत उशिरा येणारी लेन रिलीजच्या अगदी जवळ पडली, तर काही वेळा लेटन्सी अख्ख्या एलएमएफसीनं, म्हणजे वरच्या उदाहरणात ६५.१ नॅनोसेकंदांनी उडी मारते. वीसेक वेळा पॉवर बंद-चालू करून लेन पोहोचण्याच्या वेळा रजिस्टरमधून वाचा, आणि रिलीज त्या सगळ्यांपासून पुरेसा लांब ठेवा.