सेंट मार्टिनला व्हिला घेताय? डोंगरावरचा सुटा, गेटच्या आतला की रिसॉर्टमधला (फक्त सिक्युरिटीपुरतं बोलूया)

डिसेंबरात तीन-चार फॅमिलींनी मिळून कॅरिबियनमध्ये व्हिला भाड्याने घ्यायचा हे न्यू जर्सी, टोरोंटोकडच्या आपल्या ग्रुपांमध्ये आता नेहमीचंच झालंय. माणशी हिशोब केला तर हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं, किचन असल्यामुळे आजी-आजोबांच्या वरणभाताची सोय होते, पोरं दिवसभर पूलमध्ये. आणि मग ॲडव्हान्स भरायच्या आदल्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "अरे पण ते बेट सेफ आहे ना?"

बेटाचं विचारून फारसं काही कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकन सरकारची १ ते ४ लेव्हलची ट्रॅव्हल ॲडव्हायजरी असते ती जरूर बघा, पण ती अख्ख्या देशाची असते, तुमच्या बेडरूमच्या कडीबद्दल त्यात काही लिहिलेलं नसतं. सुट्टीच्या घरातली चोरी बहुतेक वेळा साधी असते, सगळे बाहेर जेवायला गेलेत किंवा गाढ झोपलेत, एक दार नीट लागलेलं नाही, कोणीतरी आत येऊन फोन, पाकिटं, कॅश उचलतो आणि जातो. म्हणून बघायचं ते घर, आणि रात्री त्या घराच्या आसपास कोण असतं ते. उदाहरणाला सेंट मार्टिन घेतलंय कारण न्यूयॉर्कहून चारेक तासांची डायरेक्ट फ्लाइट आहे आणि तिन्ही प्रकारची घरं एकाच बेटावर मिळतात.

आधी थोडा भूगोल, कारण इथे तो कामाचा आहे. बेट जेमतेम ८७ चौरस किलोमीटर, उत्तरेकडचा भाग फ्रेंच, दक्षिणेकडचा डच, ही वाटणी १६४८ च्या करारापासूनची. गाडीने जाताना मध्ये कोणी अडवत नाही, सीमा ओलांडली हे कळतही नाही कधीकधी. पण फोन लावायची वेळ आली की लगेच कळतं. फ्रेंच बाजूला पोलिसांचा नंबर १७ (११२ पण चालतो), डच बाजूला ९११. देशाचे कोडही वेगळे, +५९० आणि +१-७२१, म्हणजे समोरच्या टेकडीवरच्या घरी केलेला फोनसुद्धा इंटरनॅशनल. तक्रार जिथे घडलं त्याच बाजूला द्यावी लागते, आणि फ्रेंच बाजूचे कागद फ्रेंचमध्ये, इन्शुरन्सवाल्याला मात्र तेच हवे असतात. ऑयस्टर पाँडकडे तर सीमा वस्तीतूनच जाते. तेव्हा होस्टला पहिला मेसेज हाच टाका की घर कुठल्या बाजूला आणि इमर्जन्सीला कुठला नंबर लावायचा. याचं उत्तर जो पटकन देत नाही त्याच्याकडून बाकीच्या अपेक्षा ठेवू नका.

आता सुटा व्हिला, म्हणजे पेलिकन कीच्या टेकडीवरचे किंवा ओरिएंट बेच्या वरच्या अंगाचे. फोटोत नजरेत भरतात ते हेच, व्ह्यू भारी, भाव बरा, प्रायव्हसी तर विचारू नका. पण प्रायव्हसी म्हणजेच शेजारी कोणी नाही, हे आपण विसरतो. रस्त्याच्या बाजूने भिंत आणि गेट असतं, उताराकडची बाजू मात्र नुसती झुडपं. सॅटेलाइट मॅप उघडून शेजारचे प्लॉट बघा, एखादा रिकामा, एखाद्या घराला छप्परच नाही असं दिसू शकतं. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा वादळ कॅटेगरी ५ चं आलं आणि बेटाची धूळधाण झाली, त्यानंतर लुटालूटही झाली, काही घरं परत उभी राहायला वर्षं लागली. (मलेट बेचं रिसॉर्ट १९९५ च्या लुईस वादळात गेलं त्याचे सांगाडे तर कितीतरी वर्षं तसेच उभे होते.) पडक्या घराशेजारचा व्हिला वाईटच असतो असं नाही, पण रात्री तिकडून कोणी आलं तर बघणारं कोणी नाही एवढं लक्षात घ्या. तेच घर डिसेंबर-फेब्रुवारीत आणि तेच सप्टेंबर-ऑक्टोबरात यातही फरक पडतो, ऑफ सीझनला भाव पडतात पण आजूबाजूची निम्मी घरं बंद असतात.

गेटच्या आतले व्हिला म्हटलं की फ्रेंच बाजूचं तेर बास, ज्याला इंग्लिशमध्ये लोलँड्स म्हणतात. मोठी वसाहत, मोठे प्लॉट, प्रवेशाला सिक्युरिटी, आणि भावही तसेच. गेट बघून आपण निश्चिंत होतो ना, तिथेच जरा थांबा. एक तर बीच सगळ्यांचे असतात, समुद्राच्या बाजूने चालत येणाऱ्याला कोणी गेट नाही. दुसरं म्हणजे वसाहत एवढी पसरलेली की गेटवरचा माणूस तुमच्या घरापासून लांब. त्यामुळे विचारायचं ते असं, की गार्ड रात्रभर असतो का, राउंड मारतो का, आणि आमच्याकडे त्याचा डायरेक्ट नंबर असेल का. तरी गेटचा फायदा आहेच, अनोळखी गाडी रात्री येऊन तासभर घराबाहेर उभी राहू शकत नाही आणि चोराला सामान घेऊन पळायला गाडी लागते. सुट्या व्हिलाला नेमकं हेच नसतं.

तिसरा प्रकार रिसॉर्टमधला, सिम्पसन बे, माहो, क्युपकॉयकडे मिळतो. व्हिला म्हणतात पण खरं तर मोठं अपार्टमेंट, किचन आटोपशीर, पूल सगळ्यांचा. कंटाळवाणं वाटेल, पण सिक्युरिटीत सहसा हाच वरचढ. यायचं-जायचं दार एकच, चोवीस तास डेस्क असेल तर रात्री दोनला फोन उचलणारा जागा माणूस, आणि कॉरिडॉरमध्ये दुसऱ्या लोकांची ये-जा. फक्त तळमजल्याचं, पॅटिओ थेट बीचवर उघडणारं युनिट घेऊ नका, पहिल्या मजल्यावर किंवा वर घ्या. तळमजल्याचं घेतलंत तर रिसॉर्टचे पैसे देऊन सुट्या घराची काळजी विकत घेतल्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी दारांवर घालवेन. पुण्या-ठाण्यात आपल्याला सेफ्टी डोअर, खिडकीला ग्रिल, खाली वॉचमन अशी सवय, तिथे बऱ्याच व्हिलांचा हॉल पूलकडे सरळ उघडाच असतो, भिंतच नाही, आणि बेडरूम आजूबाजूला सुट्या सुट्या. म्हणजे मुख्य दार नावाचा प्रकारच नाही, प्रत्येक बेडरूमचं दार हेच मुख्य दार. ते बहुतेक सरकत्या काचेचं, ॲल्युमिनियमच्या चौकटीत, आतून एक छोटा आकडा. हलक्या प्रतीचा दरवाजा असेल तर तो बाहेरून जरा वर उचलला की आकडा सुटतो. उपाय अगदी फालतू, खालच्या खाचेत मापाची लाकडी दांडी आडवी टाकायची, आपला जुना अडसर. खर्च काहीच नाही पण ज्या होस्टने प्रत्येक दाराला तो ठेवलाय त्याने विचार केलाय हे नक्की. लाकडी झडपांच्या खिडक्या दिसायला सुंदर, पण पट्टी सरकवून हात आत घालता आला तर कडी हाताशीच. वादळासाठीचे रोलर शटर असतील तर फारच छान, रात्री खाली ओढून झोपायचं, फक्त लाइट गेल्यावर ते आतून हाताने उघडतात का हे आधी विचारा, आग लागली तर अडकायला नको. आणि एसी प्रत्येक बेडरूममध्ये हवाच, चैन म्हणून नाही, एसी नसेल तर त्या उकाड्यात दार उघडं टाकूनच झोपाल. काही ठिकाणी वीज वेगळी लावतात आणि मग बिलाच्या भीतीने एसी बंद, दार उघडं, ते गणित आधीच करून घ्या.

वीज म्हटल्यावर आठवलं, डच बाजूला २०२४ च्या उन्हाळ्यात चांगलंच लोडशेडिंग झालं होतं. अलार्म, कॅमेरे, गेटची मोटर, वायफाय सगळं विजेवर, म्हणून जनरेटर आहे का आणि तो आपोआप सुरू होतो का हे दोन्ही बाजूंना विचारा. रिसॉर्टला तो असायची शक्यता जास्त, सुट्या घरात "इन्व्हर्टर आहे" म्हणतील आणि त्यावर फक्त फ्रिज चालेल.

तिजोरी भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये बोल्टने बसवलेली हवी, कपाटात नुसती ठेवलेली असेल तर चोर ती उचलूनच नेतो. सोनं घरी ठेवा, सासूबाई काय म्हणतील ते नंतर बघू. बीचवर गेलात तर गाडीत काहीही ठेवू नका, डिकीतही नाही. दाराचा कोड असेल तर प्रत्येक पाहुण्यामागे बदलतात का, आणि साफसफाईवाले, पूलवाले कधी येणार तेही विचारून घ्या. घरात कॅमेरा असला तर थेट कॅन्सल, एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर बंदी घातलीय, बाहेरचा चालतो पण लिस्टिंगमध्ये सांगायला हवा. रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले सोडा, कमी स्टारवाल्यांमध्ये कुलूप, किल्ली, चोरी हे शब्द शोधा, आणि त्याखाली होस्टने काय उत्तर दिलंय ते वाचा. चोरीनंतर कुलपं बदलली असं लिहिणारा होस्ट मला चालेल, "पाहुण्यांनीच दार उघडं ठेवलं" एवढंच लिहिणारा नाही.

कोणी म्हणेल मग समोर अँग्विला आहे की, फ्रेंच बाजूच्या मारिगोहून फेरीने अर्ध्या तासाच्या आत. लहान बेट, शांत, पण व्हिलाचे भाव बघून निम्मा ग्रुप गळेल, आणि दारांचे प्रश्न तिथेही तेच.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच जाताय, आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर आहेत, तर रिसॉर्टमधलं वरच्या मजल्यावरचं. दहा-बारा जण आहात, स्वयंपाक घरीच करणार आहात आणि बजेट आहे, तर तेर बाससारख्या ठिकाणचं घर, बेडरूमच्या दारांचे जवळून काढलेले फोटो मागवून. सुटा व्हिला तेव्हाच घ्या जेव्हा केअरटेकर त्याच आवारात राहतो आणि शेजारच्या दोन्ही घरांत डिसेंबरात माणसं असतात. फोटो मागताना लाजू नका, रात्रीचा अंगणातल्या दिव्यांचाही मागा. दोन दिवसांत आले नाहीत तर पुढचं घर बघायला घ्या, कारण ख्रिसमसच्या आठवड्यातली चांगली घरं फार लवकर जातात.